इंदूबाईंचं पितळी कडं

शेवटची भेट झाली तेव्हा इंदूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दारातून आत पाऊल टाकतोय तोच म्हणाल्या, "या मापारी. आज तुमच्या काट्याचं काम नाय, माझं वजन मीच करून ठेवलंय." आणि उशीखालून ते पितळी कडं काढलं. अंगठा आत दुमडला, कडं मनगटावर सरकवलं आणि वर ढकललं. कोपर ओलांडून, दंडावरून ते थेट काखेत जाऊन थांबलं. मधे कुठं अडलं नाही. "तुमच्या नातीचं, मनूचंबी असंच झालं होतं ना, तुम्ही पेढे वाटले तेव्हा?" म्हणून हसल्या. मला हसू येईना. मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "एकदा तरी म्हणा ना मापारी, चुकलो म्हणून. आता मी कुणाला सांगायला थोडीच जाणार हाय..." मी विचारलं, "चहा घेतला का तुम्ही?" त्या पुन्हा हसल्या, म्हणाल्या, "जाऊ द्या, घ्या चहा." त्यानंतर आठवड्याभरात गेल्या. त्याला आता महिना होऊन गेला. माझी शाळा तिसरीपर्यंतची. लिहिण्याची सवय म्हणाल तर गोणीवर आकडे टाकण्याएवढी. पण नात म्हणाली, तात्या, हे तुम्हीच लिहायला पाहिजे. म्हणून बसलो.

मी पिंपळगाव बसवंतच्या कांदा मार्केटात मापारी होतो. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून द्यायचा, आणि मी सांगेन ते वजन दोन्ही बाजूंनी मानायचं. सगळा जन्म तेच केलं. माझ्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही, हे मी आजही मान वर करून सांगतो. त्यात माझी एक खासियत होती. पाऊस लागलेली गोणी काट्यावर जास्त भरते, पण ते वजन कांद्याचं नसतं, पाण्याचं असतं. बाकीच्यांना गोणी उसवून बघावी लागायची. मी नुसता तळवा टेकवायचो, अंगठ्याने दाबायचो आणि सांगायचो, ही भिजलेली, बाजूला घ्या. व्यापारीसुद्धा म्हणायचे, तात्याचा हात म्हणजे दुसरा काटा. आता हे आधी का सांगितलं ते पुढं कळेल.

इंदूबाई आमच्या गावच्या कासारीण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन मळ्यामळ्यांवर फिरल्या, मग भाजीबाजाराच्या तोंडाशी पत्र्याची टपरी टाकली. बाई उंचीला बेताची, आवाज मात्र पार रस्त्यापलीकडं जायचा. समोरच्या बाईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा एकदा दाबला, की माप सांगायच्या... दोन-चार, दोन-सहा, अडीच. पुन्हा बघणं नाही. "हात ढिला सोड गं. माझ्याकडे दे. तुझा नायच समज," असं म्हणता म्हणता तंग बांगडीसुद्धा कधी मनगटावर गेली ते कळायचं नाही. बांगडी फुटली असं त्यांच्यासमोर कुणी म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. बारीक हातांच्या मापासाठी त्यांच्याकडे एक पितळी कडं होतं, दोन-चारचं. सासूचं होतं म्हणे. आमची तशी नुसती तोंडओळख. त्या मला मापारी म्हणायच्या, मी त्यांना इंदूबाई. पण दोघंही मापाची माणसं, त्यामुळे एकमेकांकडं जरा वरूनच बघायचो.

माझी नात मनीषा, आमची मनू, दुसरीत होती तेव्हा एका सकाळी डोळे सुजून उठली. आधी वाटलं काहीतरी चावलं. मग पाय सुजले, पोट फुगलं. मुलाने टेम्पोत घालून नाशिकला नेली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचा आजार आहे, अंगातलं सत्त्व लघवीवाटे वाहून जातंय. गोळ्या लांब चालतील, आजार जाईल, परत येईल, धीर धरा. मीठ कमी करा. दर महिन्याला दाखवायला आणा. सूनबाईला, शोभाला, त्यांनी एक काचेची नळी दिली. रोज सकाळी पोरीची लघवी त्यात घेऊन तापवायची, दुधासारखी फाटली तर समजायचं सत्त्व जातंय. आणि म्हणाले, घरी वजन करत जा. मी ताठ बसलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, ते माझ्याकडं लागलं.

गोळ्यांनी सूज उतरली. उतरल्यावर पोरगी अशी दिसली, की माझ्याच्याने बघवेना. खांद्याची हाडं वर आलेली, पाय काडीसारखे. मी ठरवलं, हिला भरून काढायची. दर रविवारी मार्केट बंद असायचं, तेव्हा तिला खांद्यावर बसवून न्यायचो आणि गोण्यांच्या काट्यावर उभी करायचो. घरी येऊन दाराच्या मागं खडूने आकडा लिहायचो. दोन महिन्यांनी आकडा वर चढायला लागला. अर्धा किलो, एक, दीड... गाल गोल झाले. मी मार्केटात पेढे वाटले. शोभा एकदा बिचकत म्हणाली, "तात्या, नळीत पुन्हा फाटल्यागत दिसतंय. नाशिकला जायची पाळी पण होऊन गेली." मी म्हटलं, "नळीत काय बघते? काट्यावर बघ. पोरगी भरतेय. कशाला तिला सुया टोचायला न्यायची?" आमच्या घरात माझ्यापुढं बोलायची रीतच नव्हती. एक पाळी चुकली, मग दुसरी पण चुकली.

दिवाळीच्या आधी इंदूबाई घरी बांगड्या भरायला आल्या. शोभाच्या भरून झाल्या, मग मनूला म्हणाल्या, ये गं ठमे. हात हातात घेतला आणि अंगठ्याखालचा उंचवटा दोनदा दाबला. नागपंचमीला या हाताला बांगडी साबण लावून घातली होती, आज नुसती ठेवली तर आत गेली. त्यांनी मनूची बाही वर केली, ते पितळी कडं तिच्या हातात घातलं आणि वर सरकवलं. काखेपर्यंत गेलं. मग म्हणाल्या, "ऊठ बघू, पाणी आण मला." मनू उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, स्वतःच्याच मांड्यांवर चढत उठली. हे सगळं मला मागून शोभाने सांगितलं. मी घरी नव्हतो. इंदूबाई पेटी तिथंच ठेवून तडक मार्केटात आल्या.

मी गोण्या तोलत होतो. भोवती पाच-सात हमाल, शेतकरी. बाई थेट काट्यासमोर उभ्या राहिल्या. "मापारी, पोरगी वाळत चाललीय तुमची."

"वाळत? दीड किलो वाढलीय. दारामागं लिहिलंय, वाचून या."

"गाल बघू नका, दंड बघा. मास नाय राह्यलं पोरीच्या अंगावर."

हमाल ऐकत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, तुम्ही काचेच्या बांगड्या विका. वजनाचं मला शिकवू नका." त्या हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भिजलेली गोणी तुम्ही हात लावून वळखता म्हणे. घरच्या गोणीला कधी हात लावून बघितला का?" आणि पाठ फिरवून चालत्या झाल्या. एक हमाल फिस्सकन हसला, त्याच्यावर ओरडलो. पुढच्या तीन गोण्यांचे आकडे चुकीचे सांगितले. तशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती.

काटा दुसऱ्याच्या हवाली करून घरी गेलो. मनू ओट्यावर बसली होती. मी खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला, मार्केटात दाबायचो तसाच. उचलला. खड्डा तसाच राहिला. मी बघत बसलो, तो भरून येईना... "तात्या, काय करता?" पोरगी विचारत होती. माझा हात, ज्याला लोक दुसरा काटा म्हणायचे, तो तिला कधी लावलाच नव्हता, आणि दोन-तीन महिने माझ्याच घरातली भिजलेली गोणी मी भरलेली म्हणून सांगत होतो. सत्त्व गेलं होतं, मास गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी चढलं होतं. पेढे वाटले ते त्या पाण्याचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नाशिक. डॉक्टरांनी मनूकडं पाहिलं, मग आमच्याकडं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. पोरीला दहा-बारा दिवस ठेवून घेतली. म्हणाले, अजून थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं. आजाराने मास जातं, आणि या गोळ्यांनीही जातं, खांदे आणि मांड्या आधी. औषध बदलतो, खाणं लिहून देतो, पण हात-पाय रोज थोडे चालते ठेवा, दमवू नका. शोभाने कड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाई कोण आहेत? त्यांना म्हणावं, दर आठवड्याला हेच करा. नुसत्या वजनावर जाऊ नका." मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

घरी आल्यावर 'दमवू नका' हे मी विसरलो. उठबशा काढायला लावल्या, पंधरा, वीस. वाळूच्या पिशव्या शिवल्या, बरोबर पाव-पाव किलोच्या, पायाला बांधायला. दुसऱ्या दिवशी पोरीला पायरी चढता येईना. इंदूबाईंना कळलं, त्या दारातूनच ओरडल्या, "पोरगी हाय ती, हमाल नाय!" आणि मनूला म्हणाल्या, "रविवारी टपरीवर ये. मला मदतीला माणूस नाय."

त्यांच्या टपरीत भिंतभर खिळ्यांच्या ओळी होत्या, एकाच्या वर एक. त्यांनी मनूला बांगड्यांचे छोटे जुडगे बांधून दिले आणि म्हणाल्या, हे खालच्या ओळीला लाव. लावून झालं की पेरू, नाहीतर उकडलेलं अंडं. काही आठवड्यांनी दुसरी ओळ, मग तिसरी. पोरीला कळलंही नाही, की तिचा हात खांद्याच्या वर चाललाय. एकदा अख्खा जुडगा हातातून निसटून खाली पडला. मी समोरच्या बाकावर होतो, ताडकन उठलो. इंदूबाई म्हणाल्या, "वाढवल्या होय? बरं झालं, जुन्याच होत्या. दुसरा घे." नव्या होत्या त्या, मी पाहिल्या होत्या. काम झालं, की कडं निघायचं. कोपरावरून किती बोटं वर जाऊन अडतं ते त्या मोजायच्या आणि मला न बघता मोठ्याने बोलायच्या. दारामागं मी दुसरी रांग सुरू केली. आधी बोटं लिहायचो, मग वजन. काखेवरून सहा बोटांवर आलं, मग पाच, मग चार.

सोपं नव्हतं ते. आजार परत आला, एकदा नाही, तीनदा. सहावीत असताना आला तेव्हा शाळेत पोरं तिला फुगा म्हणायची. कडं पुन्हा काखेत गेलं. मनूने ते उपसून भाजीबाजाराच्या गटारात फेकलं. "मला नाही घालायचं! मी नाही येणार!" इंदूबाईंनी ते काढलं, नळाखाली धुतलं, पदराला पुसलं. म्हणाल्या, "नको घालू. पण माझी टपरी कोण लावणार? माझा खांदा दुखतोय गं..." मनू रुसून बसली, पण पुढच्या रविवारी गेली. खांदा खरंच दुखत होता का, ते मला कधी कळलं नाही.

दहावीच्या सुमाराला आजार थांबला. हळूहळू गोळ्या सुटल्या. ती वरच्या ओळीला हात टेकवू लागली, तोवर कडं कोपरापाशीच अडायला लागलं होतं. एका रविवारी ते अंगठ्याच्या उंचवट्यावरच थांबलं. इंदूबाईंनी दोनदा करून पाहिलं. मग माझ्याकडं बघितलं आणि कडं पेटीत टाकलं. मला वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललो, "चला, उशीर होतोय." मनूच्या लग्नात चुडा त्यांनीच भरला, दोन-सहाचा, साबण लावून. "लय भरलाय हात," असं सारखं म्हणत होत्या, आणि डोळे पुसताना सगळा साबण डोळ्यांत गेला.

त्यांचं तेरावं झाल्यावर त्यांची सून कडं घेऊन आली. म्हणाली, आत्यांनी सांगितलं होतं, हे मापाऱ्यांना द्या. दाराच्या मागं, खडूचे आकडे होते त्या जागी, रंग लागून गेलाय आता, तिथं मी खिळा ठोकला आणि अडकवलं. येता-जाता दिसतं. इंदूबाई, मी चुकलो होतो. तुमच्या खाटेशी बसून हे दोन शब्द बोललो असतो, तर चहा काही गार झाला नसता.

परवा मनू माहेरी आली होती. कडं खिळ्यावरून काढलं आणि घालायला गेली. अंगठ्याखाली अडकलं. ढकललं तर घट्ट बसलं, पुढंही जाईना, मागंही येईना. मी घाबरलो, म्हटलं, "राहू दे गं, आता ते काढायला कोण आहे?" ती खाली बसली, अंगठा आत दुमडला, बोटं जवळ घेतली, आणि स्वतःशीच हळू पुटपुटली, "हात ढिला सोड... माझ्याकडे दे... तुझा नायच समज." कडं अलगद बाहेर आलं. तिने ते माझ्या तळव्यावर ठेवलं. अजून गरम होतं. मी उठलो आणि परत खिळ्याला लावलं.