वाणावरचं नाव

सकाळी जाऊबाईंबरोबर किनाऱ्यावर फिरताना पायाला प्लॅस्टिकची बाटली लागली. तिच्यावरची अक्षरं कुठल्या देशाची, काही कळेना. "मेल्यांनी आपल्या समुद्राचा उकिरडा केलाय," मी तणतणले.

जाऊबाई हसल्या. "आणि कालचा हळदीकुंकवाचा कचरा आपण कुठं ओतला गं?"

खाडीत. सगळं गाव तिथंच ओततं. त्यात वाणाचे तडकलेले प्लॅस्टिकचे डबेही होते, झाकणावर हौसेनं माझं नाव छापून घेतलेले. ओहोटीबरोबर गेले असतील. कुठल्याशा परक्या किनाऱ्यावर एखादी बाई त्यातला एक उचलून अशीच तणतणेल.

तिला मराठी वाचता येणार नाही, या विचारानं मला क्षणभर हायसं वाटलं. मग मात्र जाऊबाईंकडे बघवेना.