नाव, कंपनी, हुद्दा

आमच्या एचआरवाल्यांच्या संघटनेची नाशिक शाखा दर महिन्याला भरते आणि सुरुवात ओळखीनं होते. नाव, कंपनी, हुद्दा. यातलं एक जरी राहिलं तरी आम्हाला समोरचा माणूस अर्धवट वाटतो. दिवसभर माणसं पारखून आमची नजरच तशी झाली आहे.

परवा सुधीरराव मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या कंपनीनं कामगार कमी केले. ते नकोसं काम सुधीररावांनीच पार पाडलं आणि शेवटी कंपनीनं त्यांनाही घरी बसवलं. हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ते खिशातल्या पेनाशी चाळा करत होते.

शाखेच्या अध्यक्ष अनघाताई माईक घेऊन उठल्या. पहिली ओळख त्यांचीच असते. त्यांनी एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं.

“मी अनघा. आज आमटीत मीठ घालायला विसरले आणि तशीच डब्यात भरून आले,” म्हणाल्या आणि बसल्या.

मग शेजारच्यांनी नाव सांगून आपल्या बंद पडलेल्या स्कूटरचं रडगाणं गायलं. लोक हसू लागले. शाखा चालवणं म्हणजे हॉल, वक्ता आणि चहा बघणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

माईक मागे पोचला.

“मी सुधीर. सध्या नातीला शाळेत मीच सोडतो. फाटकापाशी ती माझा हात सोडत नाही.”

कंपनी कुणीच विचारली नाही.