चोकेकिरावला तिघं

सुधीरला मीच बोलावलं होतं, हे आधी सांगून टाकतो. पुढे त्याच्यावरचा माझा वैताग जागोजागी दिसेल आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस आमच्या गळ्यात पडला होता. तसं नव्हतं. ट्रेक माझ्या मुलीने, रेवाने, ठरवला होता. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "बाबा, पेरूमध्ये चोकेकिराव म्हणून इंकांचं जुनं शहर आहे. रस्ता नाही, ट्रेन नाही. दोन दिवस चालतच जावं लागतं. आपण दोघंच. येशील?" मी हो म्हणालो, आणि आठवड्याच्या आत बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीतल्या मित्राला, डॉक्टर सुधीरला, म्हणालो, "तूही चल ना."

रेवाला कारण सांगितलं की बरोबर डॉक्टर असलेला बरा. खरं कारण असं की पाच दिवस मुलीबरोबर एकटं राहायची मला भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी तिने स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठातली पीएचडी सोडली आणि तिथेच एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकायला लागली. तेव्हापासून आम्ही हवामान, गाडीचे टायर आणि तिच्या आईचं कोलेस्टेरॉल यांवरच बोलत होतो. सुधीरचं ऐकून ती फोनवर म्हणाली, "ओके, बाबा."

सुधीर सदुसष्ट वर्षांचा, मूळचा नागपूरचा, भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्याने लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यापासून तो कोणाला झोपू देत नाही. कुस्कोला उतरलो तेव्हा अकरा हजार फुटांच्या उंचीने माझं डोकं ठणकत होतं. हॉटेलात माते दे कोका (कोकाच्या पानांचा चहा) मिळाला. पहिला घोट घेतो न घेतो तोच सुधीरने खिशातून ऑक्सिमीटर काढला आणि माझ्या बोटाला चिमटा लावला.

"शहाऐंशी. घाबरायचं नाही."

"मी घाबरलेलोच नाही."

"मग श्वास असा काय घेतोस बे?"

त्याने रेवाचं बोट तपासलं, मग हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीचं, मग सामान उचलणाऱ्याचं. रात्रीच्या जेवणापर्यंत हॉटेलातल्या सगळ्यांचा प्राणवायू त्याला तोंडपाठ होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने निघालो आणि उन्हं चढल्यावर कापुलियोक खिंडीत पोचलो. तिथून पुढे पाय. आमचा वाटाड्या विल्बर तिथे भेटला, चाळिशीचा, कमी बोलणारा. बरोबर एक अरिएरो (खेचरवाला) आणि त्याची दोन खेचरं. समोर अपुरिमाक नदीची दरी इतकी खोल होती की तळाची नदी दोऱ्यासारखी दिसत होती. विल्बरने पलीकडच्या डोंगरावर बोट दाखवलं. गर्द हिरव्यात एक करडा ठिपका होता. तेच चोकेकिराव.

"अबे, हे तर समोरच आहे," सुधीर म्हणाला. "ह्याला दोन दिवस कसले?"

रेवाने ते विल्बरला स्पॅनिशमध्ये सांगितलं. तो हसला नाही. एक दिवस खाली, एक दिवस वर, एवढंच म्हणाला.

ती उतरण पाच हजार फुटांची होती. नवे बूट घालून ट्रेकला येऊ नये हे मी तरुणपणी शंभर जणांना बजावलं असेल. माझ्या पायात नवे बूट होते. तासाभरात अंगठे पुढच्या टोकावर आपटायला लागले. खाली जाऊ तसं ऊन तापलं, निवडुंग सुरू झाले आणि पुमा वकाची (पुमालाही रडवणारी, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी माशी) पोटऱ्यांना डसू लागली. सुधीर तिच्यावर भाषण देत होता. रेवा दोनदा मागे येऊन माझ्या बरोबरीने चालू लागली. दोन्ही वेळा सुधीर थांबला, आम्ही पोचेपर्यंत उभा राहिला आणि मग तिघांची रांग करून चालला.

संध्याकाळी चिकिस्काला तंबू पडले. क्विनोआचं सूप आणि मोते (उकडलेले टपोरे मक्याचे दाणे) असं जेवण होतं. सुधीरने डबीतून आपलं तिखट काढून सुपात कालवलं आणि आग्रह करून विल्बरच्याही वाटीत घातलं. विल्बरने ते निमूट संपवलं आणि बराच वेळ दरीकडे तोंड करून उभा राहिला. रेवा माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मला तुला माझ्या कामाबद्दल सांगायचंय. म्हणूनच मी हा ट्रेक..."

"बोट," सुधीर पाठीमागून म्हणाला.

मी वैतागायला हवं होतं. मी आज्ञाधारकपणे बोट पुढे केलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. रेवाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नदीवरचा पूल ओलांडला आणि चढण सुरू झाली. वाट नागमोडी होती, एकावर एक वळणं. मी मागे पडलो. रेवा आणि सुधीर माझ्या बरोब्बर डोक्यावरच्या वळणावर होते. तिथलं सगळं बोलणं खाली ऐकू येत होतं, आणि वर पोचायला मला दहा मिनिटं लागणार होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत टाळली. रेवाने पीएचडी सोडली हे मी श्रूजबरीत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तिथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं की "चाललंय" म्हणायचो. पुढे पुढे त्यात भर घालू लागलो. एक पेपर छापून आला. गाइड खूश आहेत. सुधीरला तर डिफेन्सची, म्हणजे प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेची, तारीखसुद्धा दिली होती. त्याला बरोबर घेताना हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं कोणी विचारेल. दोन वर्षं रोज बोललेलं खोटं आठवणीत राहत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

"मग रेवा," वरून सुधीरचा आवाज आला, "डिफेन्स मेमध्ये ना? तुझे बाबा सांगत होते."

मी हाक मारायला तोंड उघडलं. छातीत हवाच नव्हती.

खेचराच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"तारीख अजून नक्की नाही, काका," रेवा म्हणाली.

"पण विषय काय गं नेमका? मला नीट समजावून सांग. आपल्याकडे अख्खा डोंगर आहे."

आणि तिने सांगितलं. मिश्रधातू तापवल्यावर आतून कसे बदलतात, हे दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेलं सगळं ती त्या चढावर त्याला समजावून सांगत राहिली. सुधीर शंका विचारत होता, ती उत्तरं देत होती. मी खालच्या वळणावर काठीवर हनुवटी टेकून उभा होतो. माझी मुलगी माझी अब्रू सांभाळत होती, आणि मला वर चढायची घाई उरली नव्हती.

मारांपाताच्या मुक्कामाला पोचल्यावर सुधीर गार पाण्याच्या अंघोळीला गेला. रेवा बूट सोडत होती.

"किती जणांना सांगितलंयस?"

"सगळ्यांना."

"आईला माहितीये?"

"ती अशा वेळी विषय बदलते."

रेवाने दुसरा बूट काढला. "मी ज्या बिल्डिंगमध्ये रिसर्च करायचे ना, तिचं वायरिंग आता आम्ही बदलतोय. हे मला तुला सांगायचं होतं. मला फार फनी वाटलं होतं ते."

"रेवा, सॉरी."

"मला सॉरी नकोय, बाबा. काकांना सांग. उद्यापासून मी त्यांना मेटल शिकवणार नाहीये."

तिसरा दिवस चोकेकिरावचा. सकाळी धुकं होतं, ते विरत गेलं तशा भिंती दिसू लागल्या. एवढ्या मोठ्या शहरात आम्ही धरून जेमतेम दहा-बारा माणसं. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि त्यांच्या भिंतींत पांढरे दगड बसवून काढलेले लामा, एकापाठोपाठ एक वर चढणारे. विल्बर म्हणाला, अजून बराच भाग जंगलाखालीच आहे. रेवा एका दगडी पाटाजवळ वाकून पाण्याचा उतार पाहत बसली होती. तळहात पाटात ठेवून तिने विल्बरला काहीतरी विचारलं. तो प्रथमच भरभरून बोलू लागला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण कामाविषयी बोलणारी दोन माणसं ओळखू येतात.

"सुधीर," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं."

"थांब बे. कोंडोर."

खरोखरच कोंडोर (तिकडचं अवाढव्य गिधाड) होता. पंख न हलवता आमच्या पायांखालच्या दरीत तरंगत होता. मी तो फार मन लावून पाहिला. तो दिसेनासा झाला तोवर सुधीर फोटो काढायला पुढे गेला होता. रेवाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाटाकडे.

परतीच्या उतारावर माझ्या डाव्या अंगठ्याचं नख उचकटलं. चिकिस्काला रेवाने माझा पाय मांडीवर घेतला, बँडेज लावलं आणि त्यावर पिशवीतली, वायरींना लावायची काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली.

"ही टेप बरोबर घेऊन फिरतेस?" सुधीर म्हणाला.

"सवय आहे, काका."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं. अशी आयती संधी परत मिळणार नव्हती आणि ती मी घालवली. पाचव्या दिवशी कापुलियोकची चढण चढताना मी ठरवलं की वर पोचल्यावर सांगू. वर पोचल्यावर ठरवलं, कुस्कोला सांगू. कुस्कोला सुधीरचं पोट बिघडलं होतं.

प्रवासाने आपण बदललो असं लिहायचा मोह मलाही झाला. विमानात तसं एक वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. पण मी बदललो नव्हतो. पाच दिवस चालून, जगातली एक अवघड जागा पाहून मी जसाच्या तसा बॉस्टनला उतरलो होतो, फक्त एक नख कमी.

विमानतळावरून मी गाडी चालवत होतो. सुधीर शेजारी, रेवा मागे. दुपारचं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. सुधीर फोनवर मंडळाचे मेसेज वाचत होता.

"अरे, मुलांच्या शिबिराची जबाबदारी माझ्याकडे आलीये," तो म्हणाला. "रेवा, तू यायचं. हायस्कूलच्या पोरांना सांगायचं, पीएचडीला अॅडमिशन कशी मिळवायची, मग टिकायचं कसं. मी त्यांना नाव कळवूनच टाकतो."

मी आरशात पाहिलं. रेवा खिडकीबाहेर बघत होती. आता ती काही बोलणार नव्हती, होही नाही आणि नाहीही नाही. सुधीरचा अंगठा फोनवर टाइप करत होता.

"नको कळवूस," मी म्हणालो. "सुधीर, रेवा पीएचडी करत नाही. दोन वर्षांपूर्वीच सोडली. ती इलेक्ट्रिशियनचं काम शिकतेय. तो पेपर, ती मेची तारीख, सगळं मी रचलेलं आहे."

आठ दिवसांत पहिल्यांदाच सुधीर गप्प बसला. हायवेचे दोन एक्झिट मागे गेले.

"मी नागपूरला भावाला सांगितलं बे," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि त्याला तो हक्क होता. मग तो मागे वळला. "आणि तू अख्खा डोंगर मला काय शिकवत होतीस?"

"ते खरं होतं, काका," रेवा म्हणाली. "जुनं होतं, पण खरं होतं."

मी रस्त्यावरून नजर काढू शकत नव्हतो, आणि ते बरंच होतं.

"रेवा," मी म्हणालो, "मला तुझी लाज वाटली. ती लपवायला मी खोटं बोललो, आणि ते निभवायचं काम तुझ्यावर टाकलं. तू तुझ्या कामाबद्दल सांगायला लागशील या भीतीने सुधीरला मध्ये आणून बसवलं. तू सकाळी किती वाजता कामाला निघतेस, हेसुद्धा मी दोन वर्षांत विचारलेलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."