उपासाचा डबा

तिने फोनवर सांगितलं की सुनावणीच्या दिवशी तिचा उपास आहे, आणि मी लगेच साबुदाणा भिजत घातला. यात विचार करण्यासारखं काय होतं? शहराच्या कौन्सिलपुढे बोलायचं म्हणजे पोटाला काही आधार नको?

ती इथलीच, अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलची, माझ्याच वयाची, निवृत्त शिक्षिका. आधी आमच्या देवळाच्या फलकावर कुणीतरी रंगाने घाणेरडं लिहिलं, मग त्यांच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, दारावर. आम्ही मुकाट्याने फलक धुऊन टाकला होता. ती मात्र सरळ देवळात आली, दाराशी बूट काढले आणि विचारलं, आपण मिळून बोलायचं का? त्यातून आमची समिती झाली. मागणी साधी होती, की अशा तक्रारी ऐकायला शहराने एक माणूस नेमावा.

आमच्या ह्यांना ते पटलं नव्हतं. "कशाला उगाच इश्यू करायचा? आपण बरं, आपलं काम बरं," म्हणाले. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले होते.

तिची एक अट होती. आपलं दुखणं आपण सांगायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं. स्वतःचं सांगितलं की लोकांना रडगाणं वाटतं. म्हणजे फलकाचं ती बोलणार, दाराचं मी. आणि दाराचं म्हणजे तिच्या नातीचं. दर शनिवारी आजीचा हात धरून चालत जाणारी ती चिमुरडी आता दारापर्यंत यायची आणि घरी परत जाऊ म्हणायची. मला हे सांगताना तिला रडू फुटलं होतं. मी जन्मभर लहान मुलांची डॉक्टर, पण हे आपल्याला नीट सांगता येईल का, या काळजीने माझी झोप उडाली.

सिटी हॉलच्या बाकावर मी डबा उघडला. साजूक तुपाचा, जिऱ्याचा वास सुटला. तिने हळूच सांगितलं की त्यांच्या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही, चांदण्या दिसेपर्यंत. शिवाय दुसऱ्यांच्या भांड्यात शिजलेलं ती एरवीही खात नाही. मी अशी ओशाळले! एकादशी नि दुप्पट खाशी, हा आपला उपास. सोवळं मात्र मला कुणी समजावून द्यायला नको होतं, आईकडे तेच बघत वाढले. गुपचूप झाकण लावलं.

आधी ती बोलली. तो फलक धुताना आम्हाला काय वाटलं असेल, हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की मला तेव्हा कुठे त्या गोष्टीचा राग आला.

मग माझी पाळी. घशाला कोरड पडली होती. माइकजवळ पाण्याची बाटली होती, ती मी उचललीही. समोर ती बसलेली, सकाळपासून थेंबही न घेतलेली. बाटली खाली ठेवली आणि तशीच बोलले. एक लहान मुलगी दाराशी येते आणि आत जात नाही, एवढंच सांगितलं. मध्ये खोकलाही आला.

कौन्सिलने निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी चिडून पार्किंगमध्ये आले. तिने वर आकाशात बघितलं, पर्समधली बाटली काढली आणि आधी माझ्यापुढे धरली.

"तू पाणी प्यायली नाहीस, मी बघितलं," ती म्हणाली.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर चालत गेले. नात आमच्या दोघींच्या मधे होती. दार आलं तशी ती थांबली आणि मला विचारलं, तुला पण भीती वाटते का?

तिची आजी माझ्याकडे बघत राहिली. मी खरं तेच सांगितलं. "हो, वाटते."

नातीने माझा हात घट्ट धरला आणि मला आत घेऊन गेली.