किल्लेदाराची मोटारसायकल

किल्लेदार हे नाव कोणी ठेवलं, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा चटकन ओ देणार नाहीत. ते शाळेचे शिपाई. सव्वीस वर्षं सकाळी साडेसहाला फाटक उघडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला लावायचं. हातात चाव्यांचा जुडगा. आधी जुडगा ऐकू यायचा, मग किल्लेदार दिसायचे. दंगा करणारी पोरं त्या आवाजानेच जागेवर बसत. हेडमास्तरांच्या आवाजालाही तेवढी धार नव्हती.

जुडग्यात शाळेच्या एकतीस चाव्या. वीस जुन्या, बोटाएवढ्या लांब, आणि दोन वर्षांपूर्वी नवी इमारत झाली तिच्या अकरा. एकदा वाण्याने गंमत म्हणून तो तराजूत टाकायला मागितला, तर किल्लेदारांनी दिला नाही. स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवला आणि स्वतःच उचलला. अर्धा किलोच्या वर भरला.

न देण्याला कारण होतं. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. एका कारकुनाने दोन मिनिटांसाठी म्हणून जुडगा नेला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक जागेवर नव्हता. सहा दिवसांनी तो कोणाच्या तरी कपाटामागे सापडला. सूक्ष्मदर्शक परत जागेवर गेला, पण त्या सहा दिवसांत लोक ज्या नजरेने बघत होते, ती नजर किल्लेदारांच्या पाठीला चिकटून राहिली. तेव्हापासून जुडगा दुसऱ्याच्या हातात गेला नाही. हेडमास्तरांना खोली हवी असेल तर किल्लेदार जाऊन उघडून देत. रात्री जुडगा उशाखाली. बायको आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या आधी यांचं एक लग्न झालंय. सवत लोखंडाची आहे."

तेव्हा ती हे हसून सांगायची, आणि सांगताना दोन्ही हात हलवायची.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू ताळ्यावर आला, जीभही वळायला लागली, हात मात्र आला नाही. एखाद्याने विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा तो तिच्या मांडीवर पडलेला असायचा. बारा किलोमीटरवरच्या दवाखान्यात हातापायांचा व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेनऊ. बाई कडक होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यादी लांब आहे, तीन वेळा चुकलं की नाव शेवटी जाईल आणि पुन्हा नंबर यायला पाच-सहा महिने लागतील. आणि या हाताच्या हातात हेच महिने आहेत. नंतर बोटं जशी आखडतील तशी राहतील.

दोन वेळा चुकून झालं होतं. दोन्ही वेळा मोटारसायकलीमुळे.

ती मोटारसायकल शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची. बदली होताना ते किल्लेदारांना देऊन गेले, त्यालाही चौदा वर्षं झाली. मीटरमधला हिरवा दिवा कधीच गेला होता आणि हॉर्न मनात आलं तर वाजायचा. बसची पायरी बायकोला चढवत नव्हती. गावातली एकुलती एक रिक्षा सकाळी पोरांनी भरलेली असायची. म्हणून शाळा उघडून किल्लेदार आठला घरी यायचे, बायकोची वेणी घालायचे, स्वेटरची बटणं लावायचे, तिला मागे बसवायचे आणि जुन्या चादरीची रुंद पट्टी दोघांच्या कमरेभोवती बांधायचे. वेणी आता त्यांना बरी जमायला लागली होती. नुसती वाकडी व्हायची.

गेल्या दोन वर्षांत लागलेलं गाडीचं दुखणं असं की ती कधी पहिल्या किकला चालू व्हायची आणि कधी चाळीस किका मारल्या तरी गप्प. खड्ड्यातून जाताना मध्येच एखादा ठोका चुकायची आणि परत चालायला लागायची. थंडीत बंद पडते म्हणावं तर उन्हातही पडायची. ज्याने त्याने उपाय सांगितले आणि किल्लेदारांनी सगळे करून बघितले. आधी टाकी हलवायची, मग चोक ओढून तीन किका, मग चोक सोडून दोन, मग गाडी उजवीकडे कलती करायची. एकदा असं केल्यावर ती चालू झाली, म्हणून पुढे महिनाभर ते पूजा केल्यासारखं त्याच क्रमाने करत राहिले.

वळणावरच्या मिस्त्रीकडे तर पाच फेऱ्या झाल्या. किल्लेदार घामाघूम होऊन गाडी ढकलत न्यायचे. दुकानात पोचलं की जुडग्याच्या कडीतून गाडीची तेवढी चावी काढायचे, ती मिस्त्रीच्या हातात द्यायचे आणि जुडगा मुठीत धरून बाकावर बसायचे. मिस्त्री किक मारायचा. एकच. गाडी भुर्रकन चालू.

"किल्लेदार," मिस्त्री म्हणायचा, "पेशंटला उचलून आणायचं आणि डॉक्टरसमोर त्याने उड्या मारायच्या, त्यातली तऱ्हा आहे ही."

तरी बिचाऱ्याने कसूर केली नाही. प्लग बदलला. कार्ब्युरेटर उघडून धुतला. टाकीतला गाळ काढला, कॉइल बदलली, वायरी तपासल्या. शेवटी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि स्वतः बाजारभर फिरवली. दोन दिवसांत तिने एकदाही दगा दिला नाही. किल्लेदारांनी गाडी आणली, चावी परत जुडग्यात ओवली, आणि तिसऱ्या दिवशी गाडी दारात मेल्यासारखी उभी. मिस्त्रीने मग हात जोडले. म्हणाला, मला दिसेल तो बिघाड मी काढीन, जो मला बघून पळतो त्याचं काय करू?

त्या गुरुवारी साडेआठपासून किल्लेदार किका मारत होते. टाकी हलवून झाली, चोक झाला, गाडी उजवीकडे, डावीकडे, दोन्हीकडे कलती करून झाली. उजव्या गुडघ्यात सुई टोचल्यासारखं होत होतं. बायको पायरीवर तयार होऊन बसली होती, वेणी वाकडी, स्वेटरची बटणं नीट.  ती मनातल्या मनात किका मोजत असावी, कारण ते थांबले की तिचे ओठही थांबत.

नऊ वाजायला दहा मिनिटं असताना किल्लेदार येऊन तिच्या शेजारी बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. समोर गाडी उभी, तिच्या चावीला जुडगा लटकलेला, अजून थोडा थोडा हलत असलेला. बराच वेळ दोघं नुसती गाडीकडे बघत राहिली. भांडायलाही अंगात जोर लागतो, तो दोघांकडे उरला नव्हता.

"नाव खाली जायचं तर जाऊ दे," ती म्हणाली. "माझा हात गेला, आता तुमचा गुडघा कशाला घालवता?"

किल्लेदारांनी बाहीने तोंड पुसलं.

"बाईंनी मुठीत जड काहीतरी धरायला सांगितलंय," मग ती म्हणाली. "तो जुडगा द्या इकडे. आजचा व्यायाम तरी होईल."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती. सव्वीस वर्षांत तिने जुडगा कधी मागितला नव्हता आणि त्यांनी दिला नव्हता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी वरवंटा आणून दिला असता. पण आत जाऊन वरवंटा आणायचा म्हणजे उठून दहा पावलं आत आणि दहा बाहेर. ते उठले, गाडीची चावी स्विचमध्ये तशीच ठेवून जुडग्याची कडी तिच्यातून सोडवली, आणि एकतीस चाव्या बायकोच्या उजव्या तळव्यावर ठेवल्या. एकेक बोट वळवून वर दाबलं. बोटं थंड होती. पण त्यांनी हात काढला तरी जुडगा पडला नाही.

मग गाडी आत घ्यायची म्हणून ते तिच्याकडे वळले. आशा नव्हती. पायाला सवय होती, एवढंच. पाय आपणहून किकवर गेला.

गाडी चालू झाली.

किल्लेदारांनी हँडल धरलं आणि जागचे हलले नाहीत, हललं तर ती बंद पडेल अशा भीतीने. मग त्यांची नजर चावीवर गेली. एकटीच, हलकी, स्विचमध्ये उभी. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि किंचित खाली दाबलं. गाडी बंद. बोट काढलं, किक मारली. चालू. पुन्हा दाबलं. बंद.

शाळेतल्या एकाही मास्तराला त्यांनी त्याच्या कपाटाच्या कुलपात चाव्या लटकवून ठेवू दिल्या नव्हत्या. वजनाने कुलूप आतून सैल होतं, मग हवं तेव्हा लागत नाही, असं ते सव्वीस वर्षं नव्या मास्तरांना बजावत आले होते. हेडमास्तरांनाही एकदा ऐकवलं होतं. आणि स्वतः दोन वर्षं अर्धा किलो लोखंड रोज गाडीच्या स्विचला टांगून खड्ड्याखड्ड्यातून हिंडत होते. मिस्त्रीला बिघाड दिसणार कसा? बिघाड ते मुठीत धरून त्याच्याच बाकावर बसत होते.

हसू आलं, पण दमलेल्या माणसाचं हसू वरपर्यंत येत नाही.

त्यांनी किक मारून गाडी चालू ठेवली, बायकोला उठवून मागे बसवलं, पट्टी बांधली आणि जुडग्यासाठी हात पुढे केला. खिशात मावणारा तो नव्हता, कमरेला बांधायला दोरी आणावी लागली असती.

"राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली.

"पडेल."

"पडला तर आवाज येईल. बहिरी नाही झाले मी."

नऊ वाजून गेले होते. किल्लेदारांनी गिअर टाकला.

बारा किलोमीटर त्यांनी रस्त्याकडे डोळ्यांनी बघितलं आणि मागे कानांनी. प्रत्येक खड्ड्याला जुडगा वाजायचा. वाजला की त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा, कारण वाजतोय म्हणजे आहे. पुलापाशी सपाट रस्ता लागला, तिथे काहीच वाजेना. त्यांनी मान न वळवता विचारलं, आहे का? मागून तिने चाव्या त्यांच्या पाठीवर आपटल्या. त्याच हाताने.

ते पोचले तेव्हा तिच्या नावाचा पुकारा एकदा होऊन गेला होता आणि दारातला माणूस दुसऱ्यांदा ओरडत होता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि हात टेबलावर ठेवायला सांगितला. बायकोने हात ठेवला. मूठ मिटलेली, तिच्यातून चाव्या बाहेर आलेल्या.

"हे सोडा आता," बाई म्हणाल्या.

बोटं सुटेनात. बाईंनी करंगळीपासून सुरुवात केली आणि एकेक बोट उलगडत गेल्या. तळव्यावर चाव्यांचे दात लाल उमटले होते.

"कधीपासून धरलंय?"

"घरापासून," ती म्हणाली.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग जुडगा उचलून त्यांनी भिंतीशी बसलेल्या किल्लेदारांपुढे धरला.

किल्लेदारांनी त्याच्याकडे बघितलं. पाय सरळ केला, गुडघा चोळला.

"राहू द्या तिथेच टेबलावर," ते म्हणाले, आणि डोकं भिंतीला टेकवून त्यांनी डोळे मिटले.