गोळीनं उपास मोडत नाही

महाराज बसायचे ते हप्त्याहप्त्यानं. आधी भिंतीला हात, मग एक गुडघा, मग "अरे देवा" म्हणत दुसरा. पण एकदा का मांडी जमली की सत्यनारायण असो नाहीतर वास्तुशांत, माणूस जागचा हलायचा नाही. साखरखेर्ड्यात आम्ही समोरासमोर राहत होतो. मी शाळेत शिकवायचे म्हणून ते मला बाई म्हणायचे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची.

संधिवातानं गुडघे पार गेले होते. त्यावर महाराजांचा उपाय म्हणजे दुकानातून आणलेली दुखणं मारायची गोळी. तीही रोज सकाळी अनशापोटी, कारण पूजा आटोपेपर्यंत पुरोहितानं खायचं नाही. मी चिडायचे. "महाराज, दोन घास तरी ढकला पोटात!" ते हसून म्हणायचे, "गोळीनं उपास मोडत नाही बाई, पोळीनं मोडतो."

"खुर्चीवर बसून सांगा की पूजा," काकू म्हणायच्या. मग मात्र महाराजांचा चेहरा उतरायचा. "यजमान खाली अन् मी वर? मांडी गेली की महाराज गेला, समजून घे." मरणापेक्षा त्या माणसाला हीच धास्ती मोठी होती. आणि खोटं कशाला बोलू, बसता न येणाऱ्या पुरोहिताला आमच्या गावात कोणी बोलावलंही नसतं.

हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. गुडघ्याच्या गोळीचं महाराज तिथं बोललेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ते काय औषध आहे? ते माह्या धंद्याचं सामान!" पुढं पोटात जळजळ व्हायला लागली, तर थंड दूध प्यायले. असा राग येतो अजून!

एका वास्तुशांतीत मंत्र म्हणता म्हणता महाराज आडवे झाले. रक्ताची उलटी झाली. आम्ही त्यांना बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला डांबरासारखं काळं होत होतं?" महाराजांनी मान हलवली. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लाजेपायी बायकोलाही सांगितलं नव्हतं हो!

"रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ही गोळी, ती रोज, ती रिकाम्या पोटी," डॉक्टर म्हणाले. "पोटात जखमा झाल्यात. आधी विचारलं असतं तर दुसरं काही दिलं असतं. काळं दिसल्याबरोबर आले असते, तरी वेळ मिळाला असता." दुसऱ्या दिवशी महाराज गेले.

तेराव्याला बीबी गावाहून दुसरे महाराज आले, तेही लंगडत. बसण्याआधी त्यांनी खिशातून गोळी काढली आणि पाणी मागितलं. काकू तांब्या घेऊन तशाच उभ्या.

"कोन्या डॉक्टरनं देल्ली?"

"दुकानातून आणली काकू. बसाले बरं पडते."

"काही खाल्लं?"

"विधी झाल्याबिगर कसं खाऊ?"

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "मंग विधी नका करू. मले एकाच महाराजाचं तेरावं बस झालं."

त्या महाराजांनी गोळी परत खिशात टाकली.