औषधांच्या पेटीचा चार्ज

आमच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासतानाचे किस्से निघतात आणि सगळे पोट धरून हसतात. माझ्याकडचे किस्से औषधांच्या पेटीचे आहेत. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, तेवढ्या लायकीवर ही पेटी माझ्या गळ्यात पडली. शे-दोनशे पोरांचा जीव एका माणसाच्या अर्धवट माहितीवर सोपवला की असले किस्से जमत जातात.

चार्ज देताना जुने सर म्हणाले, "सही करून टाका. उघडून कायले पाहता?"

तरी उघडली. आत कडक झालेली पट्टी, आयोडीनची रिकामी बाटली आणि मुख्याध्यापकांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या. मुदतीत फक्त त्या गोळ्याच होत्या.

*

लोहाच्या निळ्या गोळ्या वाटायच्या सोमवारी पाच-सहा बाया फाटकावर हजर. या गोळीनं पोरींना पुढं मूल होत नाही, अशी आवई उठली होती. मी त्यांच्यासमोर एक गोळी गिळून दाखवली.

त्यातली एक शांतपणे म्हणाली, "तुमाले का होते सर? तुमी का बाळंत होनार आहा?"

त्या दिवशी एकाही मुलीनं गोळी घेतली नाही.

*

प्रार्थनेच्या वेळी सातवीतल्या एका मुलाला फीट आली. आमच्या तीन शिक्षकांनी एकदमच चपला काढून त्याच्या नाकाशी धरल्या! त्यांना बाजूला सारून मी त्याला कुशीवर वळवलं. थोड्या वेळानं पोरगं शुद्धीवर आलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला.

त्याच्या आईला बोलावून दरडावलं, "फीटची गोळी चुकवली काय?"

"चुकवली नाही सर, अर्धी देली. पुरी देली त वर्गात झोपते. झोपते म्हनून तुमीच त त्याले मागच्या महिन्यात बाहेर काढलं होतं."

खरंच काढलं होतं.

*

रोशनी माझ्याच वर्गात, आठवीत होती. हातपाय ठणकतात म्हणून महिन्यातून दोनदा तरी पेटीपाशी यायची. मी तापाची गोळी द्यायचो. कधी वैतागून म्हणायचो, "गणिताच्याच तासाले काहून दुखते तुले?" ती गोळी घेऊन वर्गात जायची.

एप्रिलमध्ये एक दिवस शाळेत पोचली आणि व्हरांड्यातच कोसळली. गाडी करून तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मलाच झापलं, "सिकलसेल आहे हिला. अशा पोरीला उन्हात चालवतं का कोणी? शाळेला माहीत नव्हतं?"

तो राग मी वॉर्डाबाहेर तिच्या वडिलांवर काढला. "एवढा मोठा आजार, अन् सांगतलं नाही?"

"सांगतलो होतो ना सर," ते हळूच म्हणाले. "नाव टाकाले आलो तवाच. पोरीले सिकल आहे म्हनलो, तुमी लिवून बी घेतले."

मला काही आठवेना. माणूस खोटं बोलतोय, असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी रोशनी गेली. हजेरीतून नाव कमी करायचं म्हणून मी तिचा प्रवेशअर्ज काढला. 'इतर माहिती'च्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'मुलीकडे सायकल आहे.'

त्याच नोंदीवरून सायकल वाटपाच्या यादीतून मी तिचं नाव काढलं होतं. चार किलोमीटर ती रोज पायीच यायची.